सिम्युलेटरमधलं विमान आणि फ्लाइट प्लॅन: वजनं कशी जुळवायची

फ्लाइट प्लॅनच्या कागदावर झिरो फ्युएल वेट (इंधन सोडून भरलेल्या विमानाचं वजन) ५७,९०० किलो आणि सिम्युलेटरच्या कॉकपिटमध्ये तेच ५८,५०० किलो. उड्डाण तेच, प्रवासी तेवढेच, तरी आकडे दोन. अशा वेळी बरेच जण थोडं सामान काढून आकडा जुळवतात आणि निघतात. तसं करू नका. हा ६०० किलोंचा फरक कुठून आला ते शोधा. एका विमानासाठी ते एकदाच करावं लागतं.

१. आधी एकक बघा. सिमब्रीफ (फ्लाइट प्लॅन बनवून देणारी वेबसाइट) किलोत आणि सिम्युलेटर पौंडात असेल तर पुढचं सगळं व्यर्थ. १ किलो म्हणजे २.२०४६ पौंड. दोन्हीकडे एकच एकक ठेवा.

२. रिकामं विमान तोला. प्रवासी, सामान आणि इंधन शून्यावर आणा आणि उरलेलं वजन लिहून घ्या. खरी गोम इथेच आहे. विमान कंपन्या ज्याला ऑपरेटिंग एम्प्टी वेट म्हणतात, त्यात वैमानिक, केबिन क्रू आणि खाण्यापिण्याचं सामान धरलेलं असतं. सिम्युलेटरमधल्या अनेक विमानांत मात्र वैमानिकांचं वजन पेलोडच्या, म्हणजे विमानात भरलेल्या माणसा-सामानाच्या, यादीत वेगळं दिसतं. त्यांना शून्य करू नका, जागेवर बसलेलेच राहू द्या. आपल्या उदाहरणात हा आकडा निघाला ४२,५०० किलो, तर प्लॅनमध्ये होता ४१,९००. हेच ते ६०० किलो.

३. सिमब्रीफमध्ये स्वतःची एअरफ्रेम (त्या विमानाच्या वजनांची नोंद) सेव्ह करा. त्यात रिकाम्या विमानाचं वजन ४२,५०० घाला. कमाल टेकऑफ, लँडिंग आणि झिरो फ्युएल वजनाच्या मर्यादाही त्या विमानाच्या मॅन्युअलमधूनच घ्या. एकाच मॉडेलचे कमी-जास्त वजनाचे प्रकार असतात, त्यामुळे ‘ए३२०निओ म्हणजे ७९ टन’ असं गृहीत धरणं बरं नाही.

४. माणशी वजन सारखं करा. एकीकडे प्रवासी सामानासह १०४ किलोंचा आणि दुसरीकडे ९८ किलोंचा धरला, तर १५० प्रवाशांमागे ९०० किलोंची तफावत पडते. विमानाच्या कॉकपिटमधला टॅबलेट प्लॅनमधून फक्त प्रवासीसंख्या उचलत असेल तर हे हमखास होतं. प्रवासी आणि बॅगेचं वजन एअरफ्रेममध्येच भरून टाका.

५. इंधन भरताना ब्लॉक फ्युएल (धावपट्टीपर्यंत जायला, म्हणजे टॅक्सीला, लागणारं इंधन धरून एकूण) भरा, टेकऑफ फ्युएल (टॅक्सीचं वगळून उरलेलं) नाही. समजा पेलोड १६,००० किलो, ब्लॉक ८,२००, टॅक्सी २०० आणि वाटेतला खप ५,४००. मग झिरो फ्युएल वजन ५८,५००, टेकऑफचं ६६,५०० आणि लँडिंगचं ६१,१०० किलो. विमान थेट धावपट्टीवर उभं करून सुरुवात करणार असाल तर टॅक्सीचे २०० किलो वगळा.

६. आता कॉकपिट. बोइंगच्या फ्लाइट कॉम्प्युटरमधल्या परफ इनिट पानावर झिरो फ्युएल वेट भरा, ग्रॉस वेट (इंधनासह एकूण वजन) यंत्र स्वतः काढतं. एअरबसमध्ये त्याच्यासोबत सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीही (विमानाच्या वजनाचा तोल जिथे साधतो ती जागा) द्यावी लागते. ती लोडशीटवरूनच (भरलेल्या वजनांच्या तक्त्यावरूनच) घ्या, कारण मागे-पुढे झालेलं वजन ट्रिममध्ये, म्हणजे नाक वर-खाली धरणाऱ्या सेटिंगमध्ये, उतरतं.

इतका आटापिटा कशासाठी? ६०० किलोंनी इंधनाच्या खपात फार फरक पडत नाही. पण टेकऑफ आणि अप्रोचचे वेग याच आकड्यांवरून ठरतात. आणि चूक सहाशेवरच थांबेल असं नसतं. २० मार्च २००९ रोजी मेलबर्नहून दुबईला निघालेल्या एमिरेट्सच्या ए३४०-५०० विमानाच्या टेकऑफच्या हिशेबात ३६२.९ टनांऐवजी २६२.९ टन भरले गेले. एकच अंक चुकला, विमानाची शेपूट धावपट्टीला घासली आणि ते धावपट्टी संपल्यावर कसंबसं वर गेलं. म्हणून आकडा भरला की कागदावरच्या आकड्याशी अंक न् अंक ताडून पाहायची सवय लावा. सिममध्येसुद्धा.

विमानाचं अपडेट आलं की दुसरी पायरी पुन्हा करा. अपडेटमध्ये रिकाम्या विमानाचं वजन बदललेलं असू शकतं, आणि सेव्ह केलेल्या एअरफ्रेममध्ये ते आपोआप बदलत नाही.