मराठवाड्यात हॉप्स लावताय? खताआधी दिव्यांचा हिशेब करा

हॉप्स म्हणजे बीअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा वेल. ठिबक कसं अंथरायचं, शेणखत किती कुजलेलं लागतं, माती परीक्षण कुठे करायचं, हे इथे सांगत बसत नाही. द्राक्ष, हळद नाहीतर ढोबळी मिरची केलेल्या घराला ते येतंच. हॉप्समध्ये माणूस फसतो ते यात नाही. फसतो तो दिवसाच्या लांबीत. म्हणून तेच आधी आणि सविस्तर.

हॉप्स हे मूळचं थंड, उत्तरेकडच्या देशांतलं पीक. जर्मनीतल्या हालरटाऊ भागात किंवा अमेरिकेतल्या याकिमा खोऱ्यात जूनमधला दिवस जवळपास १६ तासांचा असतो. एवढ्या लांब दिवसात वेल फुलाचा विचारच करत नाही, नुसता वाढत राहतो. पुढे दिवस आखडू लागले की मग फुलतो. आपल्याकडे जूनमधला सर्वांत मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या आसपास, आणि डिसेंबरात तो ११ तासांवर येतो. म्हणजे हॉप्सच्या हिशेबाने मराठवाड्यात बारा महिने दिवस आखूडच. वेलाला वीस-पंचवीस पेरं झाली की तो फुलायला मोकळा. मग कमरेएवढ्या वेलाच्या शेंड्याला चार कोन (हॉप्सची शंकूसारखी फुलं) लागतात आणि वाढ तिथेच थांबते.

हे पाहून नवा माणूस हरखतो. "लावल्या लावल्या फुलं आली", म्हणून फोटो पाठवतो. खरं तर तिथेच हंगाम गेलेला असतो, कारण उत्पन्न येतं ते आडव्या फांद्यांवर, आणि त्या फुटायच्या आतच वेल थांबला. पुढची चूक त्याहून महाग. वाढ थांबली म्हणजे खत कमी पडलं असं समजून युरिया ओतला जातो. पाला हिरवागार आणि लुसलुशीत होतो, त्यावर लाल कोळी चढतो, कोळीसाठी फवारण्या सुरू होतात, आणि वेल तरीही कमरेएवढाच राहतो. खताचा इथे काही संबंधच नसतो.

उपाय एकच: रात्रीचे दिवे. मात्र इथे आणखी एक गफलत होते. सोलापूरकडे ड्रॅगन फ्रूटच्या बागेत रात्री दिवे लावतात ते फुलं यावीत म्हणून. हॉप्सचं नेमकं उलटं आहे. दिवा चालू असेपर्यंत वेल वाढणार, दिवा बंद केला की फुलणार. ड्रॅगन फ्रूटवाल्याचं वेळापत्रक जसंच्या तसं उचललं आणि फुलांच्या वेळी दिवे लावले, तर एकही कोन हाती लागत नाही.

वेल मोजतो ती सलग अंधाराची लांबी. त्यामुळे संध्याकाळपासून पहाटेपर्यंत दिवे जाळायची गरज नाही. रात्री १० ते २ असे चार तास उजेड दिला की लांब रात्रीचे दोन तुकडे होतात आणि वेलाला ती रात्र आखूड वाटते. पिवळसर किंवा तांबूस उजेडाचे साधे एलईडी चालतात, कारण लाल प्रकाशाचा परिणाम जास्त होतो. सुरुवातीला दर ३ बाय ३ मीटरला १२ वॉटचा एक बल्ब धरा. एका गुंठ्याला ११ बल्ब लागतील आणि चार तासांत अर्ध्या युनिटच्या थोडं वर वीज जाईल. १० गुंठ्यांना हाच आकडा रात्रीला सव्वापाच युनिटपर्यंत जातो. खर्च आहे, पण अंगावर येणारा नाही.

अंगावर येतं ते भारनियमन. शेतीची थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, आणि मध्येच डीपी जळाला तर चार दिवस अंधार. एखादी रात्र चुकली तर वेल सावरतो. सलग रात्री चुकत गेल्या तर तो फुलायला निघतो आणि मग मागे वळत नाही. म्हणून दिव्यांची लाइन मोटारीच्या लाइनवर ठेवू नका. घरचा साधा इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-अवरची बॅटरी एका गुंठ्याचे दिवे रात्रीचे चार तास सहज ओढते. एवढ्याचसाठी पहिल्या वर्षी एक गुंठा, म्हणजे साधारण तीस रोपं, याच्या पुढे जाऊ नका. टायमर शंभर टक्के लावा, पण त्याच्यावर विसंबू नका. वीज जाऊन आली की स्वस्त टायमरची वेळ मागे पडते. आठवड्यातून दोनदा रात्री साडेदहाला वावरात चक्कर मारा. बल्बपासून सर्वांत लांबचा, पानाआड गेलेला कोपरा बघा. त्या वेलाच्या शेंड्याजवळ पानांच्या बगलेत पांढुरक्या, काट्यासारख्या बारीक कळ्या दिसल्या तर तिथे उजेड कमी पडतोय. लगेच एक बल्ब वाढवा.

दिवे बंद करतानाही तेवढीच शिस्त हवी. वेल वरच्या तारेला पोचला आणि बगलफुटी हातभर झाल्या की सगळ्या रानातले दिवे एकाच रात्री बंद करायचे. "थोडे चालू ठेवू, अजून वाढतील", असा मोह नको. आजूबाजूचा उजेडही बघा. गोठ्यावरचा हॅलोजन रात्रभर जळत असेल तर त्याच्या जवळची ओळ वाढतच राहते आणि फुलत नाही. त्या दिवसांत हॅलोजन बंद ठेवा किंवा तोंड फिरवा.

"हॉप्सला बर्फ लागतो, मराठवाड्यात येणारच नाही", असं छातीठोक सांगणारे भेटतील. भारतात हॉप्स म्हटलं की हिमाचलमधलं थंड लाहौल खोरंच डोळ्यांसमोर येतं, त्यामुळे हा समज पक्का झालाय. फुलण्यासाठी हॉप्सला थंडीची झोप लागतेच असं नाही, हे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवलं गेलं. त्यामुळे गड्डे (लागवडीचे मुळांचे तुकडे) फ्रिजमध्ये ठेवण्याचा खटाटोप करू नका. ही बाजू खरंच दिलासा देणारी आहे. थंडीचं कोडं सुटलेलं आहे, उजेडाचं आपल्या हातात आहे.

हंगाम मात्र आपला आपण बांधायचा. लागवड सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, पाऊस ओसरल्यावर, आणि पहिल्या रात्रीपासून दिवे. डिसेंबरच्या उत्तरार्धात दिवे बंद. तीन-चार आठवड्यांत फुलोरा, आणि फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीला तोडणी. यात दोन गोष्टी साधतात. कोन भरतात ते थंड, कोरड्या हवेत, आणि विहिरीला पाणी असतं तेव्हाच पिकाची मोठी गरज भागते. एप्रिल-मेच्या ४२ अंशांत फुलं काढायचा प्रयत्न करू नका. उन्हाळ्यात वेल जमिनीलगत कापून, उसाच्या पाचटाचं जाड आच्छादन देऊन, मुळं जगतील एवढंच पाणी द्यायचं. वर्षातून दोन पिकं घेण्याची भाषा टँकरच्या गावात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जमीन निचऱ्याची हवी. भारी काळ्या रानात मुळं कुजतात; तेच रान असेल तर दीड फूट उंच बेड करा, त्यात मुरूम आणि कंपोस्ट मिसळा. सामू ६ ते ७.५ चांगला. चुनखडीच्या रानात कोवळी पानं पिवळी पडून शिरा हिरव्या राहतात, ती लोहाची कमतरता. तिथे चिलेटेड लोह द्यावं लागतं. बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर तपासल्याशिवाय रोप लावूच नका.

दोन रोपांत १ मीटर, दोन ओळींत ३ मीटर. मोठ्या देशांत साडेपाच मीटर उंच मांडव करतात. घरच्या शेताला ३ मीटरचा पुरतो, शिडीशिवाय काम होतं. टोकाच्या खांबांना जमिनीत पुरलेला ताण हवाच, भरल्या वेलाचं वजन आणि वारा दोन्ही त्यावर येतात. चढायला काथ्याची दोरी वापरा, नायलॉन नको. काथ्या खरबरीत असल्याने वेल धरून चढतो, आणि तोडणीनंतर वेलासकट खड्ड्यात टाकला की कुजतो. प्रत्येक रोपाचे दोन-तीन जोमदार वेल ठेवून बाकीचे काढा, आणि वळवताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच वळवा. उलटा वळवलेला वेल दुसऱ्या दिवशी सुटलेला दिसतो.

वाण निवडताना घाई नको. कॅस्केड (१९७२), चिनूक (१९८५), सेंटेनिअल (१९९०) ही खुली वाणं आहेत. सिट्रा, मोझॅक यांवर खासगी मालकी आहे. त्यांचे गड्डे कोणी स्वस्तात देत असेल तर माल खोटा असतो नाहीतर चोरीचा. परदेशातून बॅगेत गड्डे आणणं हा गुन्हा आहे आणि रोग आणण्याचा सोपा रस्ताही. आयातीला वनस्पती संगरोधाचा परवाना लागतो. रोपं फक्त मादीच हवीत. नर रोप आलं तर कोनात बिया भरतात आणि ब्रूअर, म्हणजे बीअर बनवणारा, हात लावत नाही.

द्राक्षवाल्यांनी हे नीट वाचा. हॉप्स खुरटवणारा एक व्हायरॉइड (विषाणूहूनही सूक्ष्म रोगकारक) द्राक्षात काहीही लक्षण न दाखवता राहतो. जपानमधल्या हॉप्सच्या बागा ज्याने खुरटल्या तो द्राक्षातूनच आला होता, हे पुढे संशोधनात दिसलं. छाटणीची कात्री द्राक्षातून थेट हॉप्सच्या रानात नेऊ नका. वेगळी कात्री ठेवा, आणि ओळ बदलताना ती ब्लीचच्या पाण्यात बुडवा.

रोगांत डावणी आणि भुरी, तुमच्या ओळखीच्याच. हॉप्सची डावणी वेगळ्या बुरशीची असली तरी उपाय तोच: खालची दोन-अडीच फुटांपर्यंतची पानं काढून हवा खेळती ठेवणं. लाल कोळीसाठी पायरेथ्रॉइड मारू नका, त्याने मित्रकीटक मरतात आणि कोळी दुप्पट जोमाने येतो. फुलोरा आला की गंधक बंद.

तोडणीची खूण बोटांनी कळते. कच्चा कोन दाबला की ओलसर, मऊ लागतो आणि दबलेलाच राहतो. तयार कोन कागदासारखा कुरकुरतो, सोडला की परत फुगतो, आणि उभा चिरला की आत गर्द पिवळी भुकटी दिसते. ती भुकटी हाच माल. भरलेल्या एका वेलाला हाताने तोडायला तासभर लागतो. वेलाच्या आकड्यांनी हातावर ओरखडे उठतात, म्हणून तोडणाऱ्या बायांना लांब बाह्यांचे सदरे द्या. हरभरा-ज्वारीच्या काढणीत मजूर मिळत नाहीत, ते आधीच बोलून ठेवा.

मिरची-हळदीसारखं अंगणात उन्हात वाळवलं तर सगळा सुगंध गेला. सावलीत, जाळीच्या ट्रेमध्ये, खालून ५० ते ५५ अंशांची हवा सोडून वाळवायचं. पाकळ्या लवकर वाळतात, मधला दांडा मागे राहतो. तो कट्कन मोडला तरच ओलावा ८ ते १० टक्क्यांवर आला समजा. वाकला तर पोत्यात बुरशी येणार. चार-पाच किलो ओल्याचे एक किलो वाळलेले होतात. लगेच हवा काढून फॉइलच्या पिशवीत बंद करा आणि फ्रीजरमध्ये ठेवा.

विक्रीचं बोलायचं तर रोपं विकणाराच "सगळा माल आम्ही परत घेऊ" म्हणत असेल तर उठून निघा. सफेद मुसळी, कोरफड, इमू, सगळ्यांत हाच बायबॅकचा कागद होता. आपला गुरू द्राक्ष बागायतदार आणि ब्रूअर, एजंट नव्हे. परदेशातले हेक्टरी आकडे इथे लावून कर्ज काढू नका. आयपीए या जास्त हॉप्सच्या बीअरच्या १००० लिटरला ५ ते १० किलो हॉप्स लागतात, म्हणजे पुण्यातल्या एखाद-दोन छोट्या ब्रूअरींशी तुमचं १० गुंठ्यांचं गणित जमू शकतं. लागवडीआधीच त्यांना भेटा. पहिल्या तोडणीचे पाव-पाव किलोचे नमुने, तोडणीची तारीख, वाळवणीचं तापमान आणि प्रयोगशाळेतून काढलेला अल्फा आम्लाचा (कडवटपणा देणाऱ्या घटकाचा) आकडा, एवढं सोबत द्या. बीअर करून बघणं त्यांच्यावर सोडा. परवान्याशिवाय ते घरी करणं गुन्हा आहे. आणि ताज्या, न वाळवलेल्या कोनांची बीअर करायची तयारी एखाद्याने दाखवली तर पहाटे तोडून त्याच दिवशी पोचवा, वाटेत गोणी तापू देऊ नका.