एफआयआरवरची कलमं कशी वाचायची

घरातल्या कुणावर गुन्हा नोंदला गेला की तासाभरात नात्यातून, गावातून अंदाज यायला लागतात. ‘सात वर्षं आत जाणार’, ‘अजामीनपात्र आहे, आता काही होत नाही’. यातलं बरंचसं चुकीचं असतं आणि या भीतीवरच मधली माणसं पैसे काढतात. वकील लागतोच, पण त्यांच्यासमोर बसण्याआधी आपल्या माणसावर नेमकं काय लावलंय हे घरच्यांना कळलं पाहिजे. ते कळायला कायद्याची पदवी लागत नाही.

आधी एफआयआरची प्रत हातात घ्या. फिर्यादीला ती पोलीस ठाण्यातून विनामूल्य मिळते, तो त्याचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशामुळे बहुतेक एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावरही टाकावे लागतात. त्यामुळे आरोपीच्या घरच्यांना महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर शोध घेता येतो. लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे मात्र तिथे दिसत नाहीत.

प्रत मिळाली की घटनेची तारीख पाहा. तक्रार कधी दिली यापेक्षा प्रकार कधी घडला हे महत्त्वाचं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनी भारतीय दंड संहिता, म्हणजे भादंवि, लागते. मे 2024 मधल्या फसवणुकीची तक्रार 2025 मध्ये दिली तरी कलम 420 च लागेल. तोच प्रकार ऑगस्ट 2024 मधला असेल तर 318(4).

आता कलमासमोर कोणत्या कायद्याचं नाव आहे ते बघा. न्याय संहिता देशभर एकच आहे, पण राज्याचे स्वतःचे फौजदारी कायदेही आहेत. दारूबंदी कायदा 1949 चा, जुगार प्रतिबंधक कायदा 1887 चा, महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 चा, संघटित गुन्हेगारीविरोधातला मकोका 1999 चा. विनापरवाना सावकारी केली तर 2014 च्या कायद्याने 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात किमान 6 महिने आणि कमाल 7 वर्षं कैद आहे. ‘सह कलम’ असं लिहून पुढे राज्याच्या कायद्याचं कलम जोडलेलं असेल तर तो कायदा वेगळा काढून वाचावा लागतो. ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर केंद्राचे आणि राज्यांचे कायदे मिळतात.

खरी माहिती पुढच्या पायरीवर आहे आणि नेमकं तिथपर्यंत कुणी जात नाही. अटक, जामीन, खटला यांची पद्धत ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या शेवटी पहिली अनुसूची आहे. तो एक मोठा तक्ता आहे. न्याय संहितेतल्या प्रत्येक गुन्ह्यासमोर शिक्षा किती, दखलपात्र (पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात असा) की अदखलपात्र, जामीनपात्र की अजामीनपात्र, आणि खटला कोणत्या न्यायालयात चालणार हे लिहिलेलं आहे. वर्षांच्या आकड्यावरून जामिनाचा अंदाज बांधू नका. मारहाणीत हाड मोडलं तर 117(2) लागतं. त्याला 7 वर्षांपर्यंत कैद आहे, तरी ते जामीनपात्र आहे. साध्या चोरीचं 303(2) हे कलम 3 वर्षांपर्यंतचं, पण सहसा अजामीनपात्र. त्यातही माल 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, आरोपीचा पहिलाच गुन्हा असेल आणि त्याने माल परत केला असेल, तर शिक्षा समाजसेवेची. हे तक्ता पाहिल्याशिवाय कुणालाही सुचणार नाही.

अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही, असा समज घट्ट बसलेला आहे. तो खोटा आहे. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हक्काने मिळतो. अजामीनपात्र गुन्ह्यात तो द्यायचा की नाही हे न्यायालय ठरवतं, आणि रोज कित्येकांना देतंही.

शिक्षेचं वाक्य शब्द न शब्द वाचा. ‘पर्यंत’ असेल तर ती कमाल मर्यादा आहे, न्यायाधीश त्याहून कितीतरी कमी देऊ शकतात. ‘पेक्षा कमी नाही’ असेल तर दोषी ठरल्यावर किमान तेवढी शिक्षा होणारच. ‘कैद किंवा दंड’ असेल तर नुसत्या दंडावरही प्रकरण संपू शकतं. चार कलमांची वर्षं जोडून एकूण बेरीज काढत बसू नका. शिक्षा एकाच वेळी भोगण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. आणखी एक गोष्ट: प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी 3 वर्षांपेक्षा जास्त कैद देऊ शकत नाहीत. त्याहून कडक शिक्षा हवी असं त्यांना वाटलं तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावं लागतं.

गुन्हा 7 वर्षांपर्यंतच्या कैदेचा असेल तर पोलिसांनी लगेच अटक करायची असं नाही. बऱ्याच प्रकरणांत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची, पोलिसांसमोर हजर राहण्याची नोटीस येते. ती घरात दडवून ठेवू नका, दिलेल्या तारखेला हजर राहा. अटक झालीच तर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं.

एफआयआरवरची कलमं कायमची नसतात. भांडणानंतर आधी 115(2), म्हणजे साधी दुखापत लागते; ती अदखलपात्र, म्हणून पोलीस एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करून घेतात. दोन दिवसांनी एक्स-रेमध्ये हाड मोडल्याचं दिसलं की तेच प्रकरण 117(2) होतं. म्हणून जखमी माणसाने वैद्यकीय कागद जपून ठेवावेत आणि ठाण्यात द्यावेत. पुढे तपास संपल्यावर पोलीस न्यायालयात देतात त्या दोषारोपपत्रात (चार्जशीटमध्ये) कलमं वाढतात किंवा गळतात, आणि निकालापर्यंत न्यायालय दोषारोप बदलू शकतं. त्यामुळे दोषारोपपत्राची प्रत मिळाली की तक्ता पुन्हा उघडा.

एनसीवर पोलीस स्वतःहून तपास करत नाहीत, त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. तक्रारदाराने तो मागण्यात वर्षं घालवू नयेत. कमाल शिक्षा 1 वर्षापर्यंतची असेल तर न्यायालयाने दखल घेण्याची मुदत साधारण 1 वर्ष, 3 वर्षांपर्यंतची असेल तर 3 वर्षं, आणि नुसत्या दंडाच्या गुन्ह्याला 6 महिनेच.

वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेला कोणीही, उत्पन्न न पाहता, मोफत वकिलाला पात्र आहे. राष्ट्रीय हेल्पलाइन 15100.