कॉलेजच्या संघात जायचंय? वेगाच्या सरावातल्या या चुका टाळा

दहावी-बारावी झाली की कॉलेजच्या फुटबॉल संघात, तिथून विद्यापीठाच्या संघात, असं ठरवून पळणारी पोरं-पोरी कोल्हापुरात पेठेपेठेत सापडतात. शिवाजी विद्यापीठाच्या एका जर्सीसाठी कोल्हापूर, सांगली आणि सातारा असे तीन जिल्हे झगडतात. तिथवर पोचलेल्या बहुतेकांचा चेंडूवर ताबा चांगलाच असतो. फरक पडतो तो पहिल्या दहा-वीस मीटरांत, आणि नेमका त्याचाच सराव आपल्याकडे सगळ्यात चुकीचा होतो.

दम आणि वेग एकच समजणं

मूळ चूक हीच. वेग कमी पडतोय म्हटलं की रंकाळ्याला फेऱ्या, मैदानाला राऊंड, वर जोर-बैठका. यानं दम वाढतो, आणि तो नव्वद मिनिटांच्या खेळाला लागतोच. पण संथ पळून पाय जलद होत नाहीत. जीव तोडून पळताना स्नायू जी साठवलेली ऊर्जा वापरतात, ती सहा-सात सेकंदांत ओसरायला लागते आणि भरून यायला काही मिनिटं जातात. त्याआधी पुन्हा पळवलं तर पोरगं पळेल, पण ऐंशी-नव्वद टक्क्यांनी. मग शरीराला सवय लागते ती त्याच वेगाची.

म्हणून विश्रांती हा सरावाचाच भाग धरा. साधा हिशोब असा, की दहा मीटरमागे एक मिनिट. 30 मीटर पळालात की तीन मिनिटं थांबायचं, हळूहळू चालायचं, गप्पा मारल्या तरी चालतील. अठरा वर्षांच्या आतल्या खेळाडूला एका दिवशी 10 मीटरच्या चार, 20 मीटरच्या चार आणि 30 मीटरच्या तीन धावा पुष्कळ झाल्या. बेरीज फक्त 210 मीटर. कट्ट्यावर बसलेल्या वडिलांना वाटतं, पोरगं नुसतं उभंच आहे. त्यांना हे नीट समजावून सांगा, कारण त्यांच्या धाकानंच निम्मी पोरं विश्रांती अर्धी करून टाकतात. आठवड्यात असे दोन दिवस बास, आणि मध्ये निदान 48 तास जाऊ द्या.

मॅच खेळून झाल्यावर स्प्रिंट

वेगाचं काम वॉर्म-अपनंतर लगेच, ताज्या पायांनी. दोन तास खेळून शेवटी ‘चला, पाच स्प्रिंट मारा’ म्हणणं ही शिक्षा झाली. दमलेल्या पायांनी पूर्ण वेगात पळतानाच मांडीच्या मागचा स्नायू जास्त दगा देतो. तो बळकट करायला नॉर्डिक हॅमस्ट्रिंग हा व्यायाम उत्तम. गुडघ्यावर बसा, जोडीदाराला घोटे धरायला सांगा आणि शरीर सरळ ठेवून हळूहळू पुढे झुका. पहिल्या आठवड्यात एका वेळी तीन-चारच करा, कारण दुसऱ्या दिवशी मांड्या चांगल्याच धरतात.

वेळ कमी होत नाही? आधी घड्याळ तपासा

हातातल्या स्टॉपवॉचवरची वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेपेक्षा कमी दिसते. 100 मीटरला हा फरक साधारण 0.24 सेकंद धरतात. मित्रानं 11.4 लावलं तर ते खरं 11.64 च्या आसपास असतं. एका दिवशी काका आणि दुसऱ्या दिवशी मित्र घड्याळ धरत असेल, तर सुधारणा झाली की नाही हे कळणारच नाही. मोबाइल एकाच जागी ठेवून स्लो-मोशन व्हिडिओ काढा आणि 20 मीटरची वेळ महिन्यातून एकदाच तपासा. रोज मोजत बसू नका.

उंची वाढत असताना रेटणं

मुलींची उंची बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्याच्या आसपास झपाट्यानं वाढते. या काळात गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यावर दुखायला लागलं तर ‘वाढीचं दुखणं’ म्हणून सोडून देऊ नका. उड्या आणि स्प्रिंट कमी करा, डॉक्टरांना दाखवा. पाय लांब झाल्यानं पळण्याची ढबही काही महिने बिघडते. तेवढ्यावरून पोराला संघाबाहेर बसवणाऱ्या प्रशिक्षकांचा मला मनापासून राग येतो.

घोट्याला वजनं बांधून स्प्रिंट मारू नका, त्यानं पाऊल टाकण्याची पद्धतच बदलते. लॅडरवर, म्हणजे जमिनीवर पसरलेल्या शिडीच्या खणांत, पाय नाचवणं चपळाईला ठीक, पण त्यानं पहिले दहा मीटर जलद होत नाहीत. डांबरी रस्त्यावर रोज पळून नडगी धरते. वेगासाठी टेंभलाई टेकडीसारखा सौम्य चढ बघा आणि 15-20 मीटरच्या धावा मारून चालत खाली या.

पावसाळा आणि निवड चाचणी

बऱ्याच कॉलेजांत प्रवेश झाले की भर पावसातच चाचण्या लागतात. चिखलात पूर्ण वेग काढायला जाऊ नका. मैदान निसरडं असेल त्या दिवशी आडोशाला उभ्या उड्या, स्क्वॅट आणि नॉर्डिक करा. बुटांच्या तळाचे स्टड मात्र ओल्या मैदानाचेच हवेत. जोराचा शेवटचा वेग-सराव चाचणीच्या दोन-तीन दिवस आधी उरका. आदल्या दिवशी नुसता वॉर्म-अप आणि 20 मीटरच्या दोन-तीन मोकळ्या धावा. सकाळी चाचणी असेल तर मिसळ नंतर खा. जायच्या दोन तास आधी पोहे किंवा केळं-चपाती पुरे.