काडीकिडा घरी आणायचाय? जायच्या आधी वाचा

पाऊस लागला की कुणीतरी विचारतंच, पोराला काडीकिडा (हुबेहूब काडीसारखा दिसणारा, पानं खाणारा किडा) पाळायचाय, पुण्यात कुठे मिळेल. मिळतो, पण तयारीने जा. आणि बाकी काहीही विसरा, तो ज्या झाडावर सापडला ते झाड कुठलं हे विसरू नका. मागच्या वेळी माझं तेच राहिलं, मग घरात दिसेल ते पान पुढे करून बघितलं, एकाला तोंड लावेल तर शपथ.

ताम्हिणी अभयारण्य आहे, तिथून काही उचलायचं नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे त्याला. टेकड्यांवर, सिंहगडाच्या बाजूला पण वनखात्याची जमीन आहे, उगाच शहाणपणा नको. मुळशी-पानशेतकडे ओळखीच्या कुणाचं शेत असेल तर विचारून बांधावरच्या झुडपांत शोधा. दिवसा जाऊ नका, दिवसा तो काडी होऊन गप्प बसतो, नाकासमोर असला तरी दिसत नाही. अंधार पडला की खायला निघतो. टॉर्च डोक्याला बांधायचा घ्या. बूट घाला हे सांगायला नको खरं, पण लोक चपलांवर येतात आणि आपल्याकडे घोणस, फुरसं दोन्ही आहेत, तेव्हा गवतात हात घालायच्या आधी काठी. छत्री असतेच, ती फांदीखाली उलटी धरून फांदी हलकेच हलवा, न दिसलेला आत पडतो.

पायाला धरून ओढायचं नाही!! पाय सोडून देतो तो. पिल्लू असेल तर पुढच्या कातींमध्ये पाय परत येतो, पूर्ण वाढलेल्याचा गेला तो गेला. हात पुढे धरा, चढू दे, नाहीतर फांदीच कापा. आणि परत सांगतेय, झाड. पानाचे फोटो पुढून-मागून, फूल-फळ असेल तर त्याचा, शिवाय त्याच झाडाच्या चार-पाच फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून. नुसता बसलाय म्हणजे तेच खातो असं पण नाही, पानांच्या कडा कुरतडलेल्या आहेत का बघा, शंका असेल तर शेजारच्या झुडपांच्या फांद्या पण घ्या, रात्री सगळ्या आत ठेवा आणि सकाळी कुठली खाल्लीय ते बघा. पेरू, गुलाब खातो म्हणून सांगतात, काही जाती खातात, तुमचा खाईलच असं नाही. नर्सरीतला गुलाब तर नकोच, औषध मारलेलं असतं. झाड घराजवळ मिळणार नसेल तर किडा आणूच नका, फोटो काढा आणि या परत.

घर उंच पाहिजे, किड्याच्या लांबीच्या निदान तिप्पट, कारण कात टाकताना तो उलटा लटकून खाली सरकत बाहेर येतो, जागा कमी पडली की वाकडा होतो किंवा मरतो. बोहरी आळीतून मोठी बरणी आणा, तोंडाला मच्छरदाणीचं कापड, आतून पण एका बाजूला जाळी लावा, गुळगुळीत प्लास्टिकवर लटकणार कसा. फांद्या पाण्याच्या बाटलीत, बाटलीचं तोंड कापसाने गच्च बंद, नाहीतर पिल्लं बुडतात. रोज संध्याकाळी पाण्याचा हलका फवारा, ते थेंब पितात. त्या खोलीत डासांचं मशीन, कॉइल काही नाही, सोसायटीत धूर मारायला आले की खिडक्या बंद. ऊन थेट नको. मुंग्या लागत असतील तर बरणी पाण्याच्या ताटलीत.

बाकी पटकन. कात टाकत असताना हात लावू नका, कात तो स्वतःच खातो. पानं वाळायच्या आधी बदला. तळाशी बियांसारखं दिसेल ती अंडी, लेंड्यांबरोबर झाडून टाकाल, बघून टाका. काही जातींत मादी नराशिवाय पण अंडी घालते, म्हणजे एकच आणला तरी पिल्लं होऊ शकतात, फुटायला महिने लागतात. नको झाला तर जिथून आणला तिथेच नेऊन सोडायचा, अंडीसकट, सोसायटीच्या बागेत नाही.