जुन्या पत्त्यावर गेलेले समन्स आणि एकतर्फी हुकूमनामा: काय करावे

पगाराचे खाते अचानक गोठते किंवा बेलीफ जप्तीचे वॉरंट घेऊन दारात उभा राहतो, आणि तेव्हा पहिल्यांदा कळते की आपल्याविरुद्ध दोन-तीन वर्षांपूर्वी कर्जवसुलीचा दावा लागून त्यात एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे आपल्या गैरहजेरीत दिलेला निकाल, हासुद्धा झाला आहे. समन्स निघाले होते, पण ते आपण केव्हाच सोडलेल्या भाड्याच्या खोलीवर. अशा माणसाला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९ नियम १३ खाली हुकूमनामा रद्द करून मागता येतो. मात्र त्याला ३० दिवसांची मुदत आहे, आणि ते दिवस घाबरण्यात किंवा वसुली अधिकाऱ्याशी फोनवर हुज्जत घालण्यात गेले तर पुढचे काम फार अवघड होते.

मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद १२३ प्रमाणे हे ३० दिवस एरवी हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात. पण समन्सची रीतसर बजावणी झालेली नसेल, तर प्रतिवादीला हुकूमनाम्याची माहिती झाली त्या दिवसापासून मोजतात. वर्तमानपत्रातील जाहीर नोटीस किंवा दारावर व न्यायालयाच्या फलकावर डकवलेले समन्स, म्हणजे आदेश ५ नियम २० खालची पर्यायी बजावणी, ही या मुदतीपुरती रीतसर बजावणी धरायची नाही, असे त्याच अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात लिहिले आहे. त्यामुळे ‘पेपरला नोटीस आली होती, आता काही होणार नाही’ असे कोणी सांगितले म्हणून हातपाय गाळू नयेत. माहिती कोणत्या दिवशी, कोणाकडून आणि कशी झाली हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. बँकेचा संदेश, वॉरंटचा फोटो, पाकीट असेल तर टपालाच्या शिक्क्यासह पाकीट, यांतले काहीही टाकू नये. उलटतपासणीत पहिला प्रश्न या तारखेवरच येतो.

त्यानंतर हातातला कागद नेमका कशाचा आहे ते पाहावे, कारण कर्जवसुलीचा प्रत्येक कागद दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा नसतो. वित्तकंपन्यांच्या करारात बहुधा लवादाचे कलम असते आणि लवादाच्या निवाड्याची अंमलबजावणीही हुकूमनाम्यासारखीच होते. तिथे नियम १३ लागू होत नाही, तर लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली तीन महिन्यांत, आणि पुरेसे कारण दाखवल्यास त्यापुढे फार तर ३० दिवसांत, अर्ज करावा लागतो. ही मुदत निवाड्याची सही असलेली प्रत पक्षकाराला मिळाल्यापासून सुरू होते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये महाराष्ट्र शासन विरुद्ध आर्क बिल्डर्स या प्रकरणात स्पष्ट केले आहे. पतसंस्थेचे कर्ज असेल तर कागद बहुतेक वेळा सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला असतो. त्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज करता येतो, पण वसूल करायच्या रकमेच्या ५० टक्के रक्कम आधी भरावी लागते. येथून पुढचे विवेचन दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यापुरते आहे.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो दाव्याचे मूळ दप्तर पाहण्यासाठी. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने किंवा सीएनआर क्रमांकाने (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा, अक्षरे व अंक मिळून १६ चिन्हांचा स्वतंत्र क्रमांक) दावा सापडतो. क्रमांक मिळाला की वकिलामार्फत तपासणीचा अर्ज देऊन दप्तर पाहावे आणि दावा, हुकूमनामा, रोजनामा (प्रत्येक तारखेच्या कामकाजाची नोंद), समन्स व बेलीफचा अहवाल यांच्या प्रमाणित नकला मागाव्यात. मी अनेक वर्षे तालुका आणि जिल्हा न्यायालयांत वकिली करतो आहे, आणि अशा प्रकरणात पक्षकार कर्जाच्या व्याजाबद्दल तळमळीने बोलत असला तरी मी प्रथम बेलीफचा अहवाल उघडतो. एका प्रकरणात त्यात एवढेच होते: ‘इसम मिळून आला नाही, घर बंद, सबब समन्स दारास डकविले.’ घर कोणी दाखवले ते नाही, कोणासमक्ष डकवले ते नाही, पंचांच्या सह्या नाहीत. आदेश ५ नियम १७ प्रमाणे बेलीफने आधी वाजवी प्रयत्नाने माणसाचा शोध घ्यायचा असतो, समन्स त्याच्या नेहमीच्या राहत्या घराच्या बाहेरच्या दारावर लावायचे असते, आणि घर ओळखवणाऱ्याचे व समक्ष हजर असलेल्याचे नाव-पत्ता अहवालात लिहायचा असतो. आमच्या पक्षकाराने ती खोली दावा लागण्याच्या चौदा महिने आधी सोडली होती आणि तिथे दुसरे कुटुंब राहत होते. या दोन गोष्टी कागदाने शाबीत झाल्या आणि अर्ज मंजूर झाला.

रजिस्टर पोस्टाने समन्स गेले असेल तर पाकिटावरचा शेरा वाचावा. ‘घेण्यास नकार’ असा शेरा असेल तर कायदा बजावणी झाली असे मानतो, आणि तो शेरा खोटा ठरवण्यासाठी आपण तेव्हा तिथे राहतच नव्हतो याचा भक्कम पुरावा लागतो. ‘पत्ता सोडून गेले’ असा शेरा असूनही दावा एकतर्फी चालला असेल, तर तो शेराच आपल्या बाजूचा पुरावा आहे.

अर्ज ज्या न्यायालयाने हुकूमनामा केला तिथेच करावा लागतो. कर्ज नाशिकला घेतले, हुकूमनामा नाशिकला झाला आणि दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) पुण्याला वर्ग होऊन आली, तरी पुण्याचे न्यायालय तो हुकूमनामा रद्द करू शकत नाही. मात्र मूळ न्यायालयातून स्थगिती आणण्यासाठी ते आदेश २१ नियम २६ खाली अंमलबजावणी काही काळ थांबवू शकते. म्हणून दोन्हीकडे एकाच आठवड्यात धावावे. केवळ अर्ज दाखल केल्याने जप्ती थांबत नाही, स्थगितीचा वेगळा अर्ज द्यावा लागतो.

अर्जात कोणत्या तारखेपासून कोठे राहत होतो हे क्रमाने लिहावे आणि सोबत नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार, वीजबिले, गॅस जोडणी बदलल्याचा कागद, नोकरीच्या ठिकाणचे पत्र जोडावे. नवा पत्ता सावकार संस्थेला कळवल्याचा ईमेल असेल तर तो सर्वांत वर ठेवावा. प्रतिज्ञापत्रात खरे तेच लिहावे. बजावणीत केवळ अनियमितता असली, पण प्रतिवादीला तारखेची माहिती होती आणि हजर राहण्यास पुरेसा वेळ होता असे न्यायालयाला दिसले, तर नियम १३ खाली हुकूमनामा रद्द होत नाही. मुदतीविषयी तिळमात्र शंका असल्यास विलंब माफीचा अर्ज सोबतच द्यावा.

दावा आदेश ३७ खालचा समरी, म्हणजे संक्षिप्त रीतीने चालणारा, दावा असेल तर नियम १३ ऐवजी त्याच आदेशाचा नियम ४ लागतो आणि तो अधिक कडक आहे. हजर का राहता आले नाही एवढेच सांगून तिथे भागत नाही. दाव्याला आपला बचाव काय आहे तेही दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये रजनी कुमार विरुद्ध सुरेश कुमार मल्होत्रा या प्रकरणात सांगितले. शेवटचा हप्ता किंवा कर्ज कबूल केल्याची सही यानंतर तीन वर्षे उलटल्यावर दावा लागला का, भरलेले हप्ते हिशेबात धरले का, हे मुद्दे म्हणूनच आधी तपासावेत. साध्या दाव्यातही बचाव थोडक्यात लिहिलेला बरा.

हुकूमनाम्याविरुद्ध कलम ९६ खाली अपीलही करता येते आणि दोन्ही मार्ग एकाच वेळी धरता येतात. पण अपील मागे घेण्याव्यतिरिक्त कोणत्याही कारणाने निकाली निघाले की नियम १३ चा अर्ज टिकत नाही. तक्रार बजावणीची असेल तर माझ्या मते आधी नियम १३ चाच अर्ज करावा, कारण तो फेटाळला तरी त्या आदेशावर अपील आहे. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

वादीला नोटीस काढल्याशिवाय हुकूमनामा रद्द होत नाही, त्यामुळे काही तारखा जातील. न्यायालय खर्च देण्याची किंवा काही रक्कम भरण्याची अट घालू शकते, आणि ती दिलेल्या दिवशीच पाळावी. अर्ज मंजूर झाला म्हणजे कर्ज माफ झाले असे नव्हे. दावा पुन्हा फाइलवर येतो आणि लेखी कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) द्यावी लागते. दरम्यान खात्यातून रक्कम वसूल झाली असेल तर ती परत मिळण्यासाठी कलम १४४ खाली अर्ज करावा, आणि त्याच तारखेला आपला सध्याचा पत्ता व मोबाइल क्रमांक लेखी पुरशीस (न्यायालयाला माहिती देणारे निवेदन) देऊन दप्तरी नोंदवून घ्यावा.