लाइव्ह पोस्टचा पडदा लावायचाय? आधी मात्रा तपासा

लाइव्ह पोस्टचा पडदा म्हणजे सोशल मीडियावर येणाऱ्या पोस्टमधले शब्द मोजून ते पडद्यावर बुडबुड्यांसारखे दाखवणं. लॅपटॉप, एचडीएमआय केबल, प्रोजेक्टर सगळेच आणतात. त्यावर वेळ घालवू नका. पोस्ट कुठून घेणार ते आधी पक्कं करा. एक्सवरून फुकट वाचायची सोय २०२३ मध्ये गेली, व्हॉट्सॲप ग्रुपमधलं असं थेट सहज घेता येत नाही. ब्लूस्कायची जेटस्ट्रीम (नव्या पोस्टचा थेट प्रवाह) खुली आहे, मॅस्टोडॉनची स्ट्रीम टोकन (परवानगीची किल्ली) घेऊन चालते.

आता मात्रा. पायथनच्या साध्या रेग्युलर एक्सप्रेशनने (शब्द शोधायच्या पॅटर्नने) शब्द वेगळे केले तर ‘केळी’चे ‘क’ आणि ‘ळ’ असे दोन तुकडे पडतात, कारण त्याच्या लेखी मात्रा-वेलांटी ही अक्षरंच नाहीत. जावास्क्रिप्टचा तसाच पॅटर्न देवनागरी मोजतच नाही. पॅटर्नमध्ये युनिकोडचे अक्षर, चिन्ह (मार्क, म्हणजे मात्रा-वेलांटी) आणि अंक हे तिन्ही वर्ग घाला. इंग्रजी पोस्टवर चाचणी घेऊन ‘चालतंय’ म्हणू नका, तिथे हा दोष दिसणारच नाही. रावेर-यावलच्या केळीभावाच्या खऱ्या पोस्ट घ्या आणि मात्रा तपासा.

‘दऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: कोणाचा कीबोर्ड ऱ वापरतो, कोणाचा साधा र, हलन्त आणि न दिसणारं झेडडब्ल्यूजे (झिरो विड्थ जॉइनर, अक्षरं जोडणारं चिन्ह). दिसायला एकच, मोजणीत दोन बुडबुडे. एनएफसीने (युनिकोडचं लेखन एकसारखं करायच्या नेहमीच्या पद्धतीने) हे जुळत नाही. झेडडब्ल्यूजे सरसकट काढलं तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, म्हणून आधी ती तिन्ही चिन्हं मिळून ऱ आणि हलन्त करा, मग बाकीची सफाई.

गावांच्या नावांचा तक्ता हातानेच बनवा. जळगाव, जळगांव, रोमन लिपीतलं जळगाव, अहिराणीतलं जयगाव, सगळं एकाच ठिकाणी जायला हवं. धुळ्याचं धुये विसरू नका. उलट जळगाव जामोद बुलढाण्यात आहे आणि अमळनेर बीड जिल्ह्यातही आहे. बहुतेक पोस्टला लोकेशन नसतंच, तेव्हा नुसत्या नावावरून नकाशावर ठिपका टाकू नका.

प्रत्येक पोस्ट येताच चित्र नव्याने काढू नका, अर्ध्या सेकंदाचा गठ्ठा करा. ब्राउझरमध्ये चित्र काढायच्या दोन पद्धतींपैकी एसव्हीजी हजारभर बुडबुडे झाले की अडखळतो, कॅनव्हास घ्या. फॉन्ट लोड झाल्यावरच काढायला सुरुवात करा, आणि इथेही मात्रा: ओळीची उंची कमी पडली की रफार आणि वेलांटी वरून कापली जाते. कोणी बुडबुड्याला बोट लावलं की हालचाल थांबली पाहिजे, नाहीतर तो बोटाखालून निसटतो. नव्या पोस्ट तोवर बाजूला साठवा.

पोस्टची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) येते, साडेपाच तास मिळवूनच तासांचे गट पाडा. कनेक्शन तुटलं तर १, २, ४, ८ सेकंद थांबत परत जोडा. यूपीएसवर राउटरही ठेवा. फोन नंबर, शिव्या अडवायला मंजुरीची रांग हवी आणि तिथे एक माणूस बसवा. नेट गेलंच तर दाखवायला आदल्या दिवशीच्या पोस्टची फाइल, मात्रांसकट तपासलेली, लॅपटॉपवर असू द्या.