मॅकवरची डीएमजी फाइल लहान होत नव्हती : माझा अनुभव

१० जीबीची रीड-राइट (आत फायली भरता-काढता येणारी) डीएमजी होती, म्हणजे ‘डिस्क इमेज’ : एका फाइलमध्ये बांधलेली डिस्क, जी उघडली की वेगळ्या ड्राइव्हसारखी दिसते. आतले जुने व्हिडिओ काढून टाकले, फक्त ३ जीबीचे स्कॅन उरले, तरी फाइल १० जीबीचीच. झिप केली, फारसा फरक नाही. काढून टाकलेल्या फायलींचा मजकूर मोकळ्या जागेत तसाच पडून असतो आणि झिप तोही इमानेइतबारे गुंडाळते. दोन संध्याकाळी वाया गेल्या.

शेवटी हे चाललं. आधी इमेज उघडी असतानाच ट्रॅश रिकामा केला, कारण इमेजमधल्या फायली ट्रॅशमध्ये टाकल्या तरी त्या इमेजच्याच आत लपून राहतात. मग इमेज इजेक्ट केली, म्हणजे बंद केली. हे विसरू नका, उघड्या इमेजचं रूपांतर होत नाही. नंतर मॅकमधल्याच डिस्क युटिलिटी या ॲपच्या इमेजेस मेनूत कन्व्हर्ट, डीएमजी निवडली, नवं नाव दिलं, फॉरमॅट ‘कॉम्प्रेस्ड’ ठेवून सेव्ह केलं.

नवी फाइल ३ जीबीच्या आसपास. माझे स्कॅन जेपेग होते आणि जेपेग चित्रं मुळातच दाबलेली असतात, त्यामुळे वाचली ती रिकामी जागाच.

कॉम्प्रेस्ड इमेजमध्ये नंतर काही भरता येत नाही. नवी उघडून दोन-चार स्कॅन पाहिले, मगच जुनी काढली.